क्वार्ट्झ घड्याळ स्विस कंपन्यांकडेही होतं, मग त्या मागे का पडल्या?

कुठलंही नवं तंत्रज्ञान बातम्यांत गाजू लागलं की व्हॉट्सॲपवर एक गोष्ट हमखास फिरायला लागते. कुणा स्विस संशोधकाने क्वार्ट्झ घड्याळ बनवलं, त्याच्या साहेबांनी त्याला हसून वाटेला लावलं, पेटंटसुद्धा घेतलं नाही, मग एका प्रदर्शनात जपान्यांनी ते घड्याळ पाहिलं आणि सगळा बाजार खाल्ला. खाली जाड अक्षरांत तात्पर्य: काळाबरोबर बदला, नाहीतर संपाल. विषय विजेच्या गाड्यांचा असो की एआयचा, गोष्ट तीच असते, फक्त पाठवणारे काका बदलतात.

ही गोष्ट खरी नाही. जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झवरचं काम १९५९ मध्येच सुरू केलं होतं, त्यासाठी तिला कुणाचं प्रदर्शन बघावं लागलं नाही. इकडे स्विस कंपन्याही हसत बसल्या नव्हत्या. त्यांनी एकत्र येऊन १९६२ मध्ये न्यूशातेल शहरात इलेक्ट्रॉनिक घड्याळांसाठी खास संशोधन केंद्र काढलं. तिथे १९६७ मध्ये मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचा नमुना तयारही झाला. सेइकोचं ‘ॲस्ट्रॉन’ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीला आलं आणि स्विस क्वार्ट्झ घड्याळं १९७० च्या वसंतात बाझलच्या प्रदर्शनात मांडली गेली. म्हणजे शर्यतीत फरक होता तो काही महिन्यांचा.

तरीही पुढे जे झालं ते भयंकर होतं. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार लोक कामाला होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतले एक तृतीयांशाच्या आसपास उरले. शोध हाताशी, पैसा हाताशी, जगातले उत्तम कारागीर हाताशी, आणि तरी ही गत. ‘ते झोपले होते’ एवढ्यावर भागत नाही.

आधी जरा घड्याळाच्या पोटात

चावीच्या घड्याळात गुंडाळलेली स्प्रिंग हळूहळू सुटत जाते. तिची ताकद दातेरी चाकांमधून एका इवल्या चाकापर्यंत पोचते. हे चाक सतत मागेपुढे डोलत राहतं, सेकंदाला साधारण पाच ते आठ ठोके. त्या लयीवर काटे पुढे सरकतात. थंडी, ऊन, हाताचा झटका, वंगण सुकणं, या सगळ्याचा लयीवर परिणाम होतो, म्हणून चांगलं चावीचं घड्याळही दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे होतं. ते काही सेकंद कमी करण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब खर्ची पडलेलं होतं.

क्वार्ट्झ म्हणजे एक प्रकारचा स्फटिक, आपल्या गारगोटीच्या कुळातला. त्याचा नीट कापलेला तुकडा घेऊन त्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडला की तो ठरावीक गतीने थरथरतो. आजच्या बहुतेक घड्याळांत ही गती सेकंदाला ३२,७६८ कंपनं इतकी असते. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला पंधरा वेळा दोनने भागलं की बरोबर एक उरतो. हा भागाकार एक छोटी चिप करते आणि सेकंदाला एकदा काट्याला ढकलते. चूक होते ती महिन्याला काही सेकंदांची.

नेमकेपणा ही आतापर्यंत हातांतली कला होती. आता तो एका चिपचा गुणधर्म झाला, आणि चिप ही अशी वस्तू आहे की जितकी जास्त बनवाल तितकी ती स्वस्त होते. कारागिराच्या हातांचं असं होत नाही.

सुधारणा निराळी, मुळावर येणारा बदल निराळा

मोठ्या कंपन्या आळशी असतात हा आपला आवडता समज आहे. स्विस कंपन्यांनी मनगटी घड्याळ पाण्यात चालेल असं केलं, हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसेल असं केलं, त्यात तारीख आणली. अशा सुधारणा त्या वर्षानुवर्षं करत होत्या आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. या सुधारणांमुळे जुनं कौशल्य, जुनी यंत्रं, जुनी गिऱ्हाइकं सगळं आणखी मौल्यवान होत होतं.

क्वार्ट्झ त्या जातीचं नव्हतं. वस्तूचं काम तेच, वेळ दाखवणं. पण ते करण्याची रीत, त्यासाठी लागणारी विद्या आणि पैसे मिळवण्याचा मार्ग, तिन्ही एकदम बदलले. व्यवस्थापनशास्त्रात याला मूलगामी नवोन्मेष म्हणतात. पुढे मी त्याला नुसतं ‘मुळावरचा बदल’ म्हणेन. जुन्या कंपन्यांची गाडी अडते ती इथे, साध्या सुधारणांपाशी क्वचितच.

पहिली पाच वर्षं विक्री वाढतच होती

आता १९७० मधल्या एखाद्या स्विस मालकाच्या खुर्चीत बसून पाहा. ॲस्ट्रॉनची किंमत होती साडेचार लाख येन, तेव्हाच्या छोट्या मोटारीच्या जवळपास. तुमच्याच देशातलं क्वार्ट्झ यंत्र, ‘बीटा २१’, ओमेगापासून रोलेक्सपर्यंत बऱ्याच कंपन्यांनी आपापल्या घड्याळांत बसवलं. ते जाडजूड होतं, बॅटरी खायचं आणि महागही पडायचं. अशी सगळी मिळून काही हजारच यंत्रं बनली. दुकानदार म्हणतो, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? गिऱ्हाईक म्हणतं, माझं चावीचं उत्तम चाललंय.

आणि हिशेबाची वही काय सांगते? स्विस घड्याळांची निर्यात वाढतच होती. १९७४ मध्ये तिने उच्चांक गाठला, घड्याळं आणि त्यांची यंत्रं धरून आठ कोटींहून अधिक नग. म्हणजे क्वार्ट्झ बाजारात आल्यानंतर पाच वर्षांनी जुन्या धंद्याने आपलं सर्वोत्तम वर्ष पाहिलं. त्या वर्षीच्या बैठकीत ‘आपला धंदा बुडतोय’ असं कुणी म्हटलं असतं तर त्याच्याकडे दाखवायला एकही आकडा नव्हता. १९८३ पर्यंत हीच निर्यात तीन कोटींच्या आसपास आली.

मला हे सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मुळावरचा बदल सुरुवातीला महाग, कच्चा आणि थोडा हास्यास्पदच असतो. तो जुन्या गोष्टीला हरवू शकेल इतका पिकायला वर्षं जातात, आणि ती वर्षं जुन्या धंद्याची भरभराटीची असू शकतात. आकडे खाली यायला लागेपर्यंत थांबणं हा सावध माणसाचा स्वभाव. पण आकडे खाली येतात तेव्हा समोरच्याने दहा वर्षांचं शिक्षण पुरं केलेलं असतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळा दोष क्वार्ट्झचा नव्हता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चलनांचे दर मोकळे झाले आणि स्विस फ्रँक चढत गेला. एका डॉलरला चारहून अधिक फ्रँक मिळायचे, ते १९७८ पर्यंत दोनच्याही खाली आले. अमेरिकन गिऱ्हाइकाला तेच घड्याळ दुपटीहून महाग पडू लागलं. त्यात तेलसंकटानंतरची मंदी. कारणं एकात एक गुंतलेली असली की घरातल्या भांडणात प्रत्येकाला आपल्या सोयीचं कारण निवडता येतं. ‘फ्रँक उतरला की सगळं ठीक होईल’ असं म्हणण्याची सोय तेव्हा होती.

उभा ऊस कोण मोडणार?

दोन शेतकरी घ्या. एकाच्या रानात ऊस उभा आहे. कारखान्याला नोंद झालेली, सोसायटीचं कर्ज त्याच उसावर काढलेलं, ठिबक बसवलेलं, तोडणीनंतर खोडवाही येणार. शेजाऱ्याचा नुसता माळ आहे, कुसळं उगवतात. दोघांना कुणीतरी सांगतं, ड्रॅगन फ्रूट लावा, एकरी सव्वा लाख सुटतील. आकडे समजण्यापुरते आहेत, कुणी त्यावर विसंबून लागवड करू नका.

उसाचे एकरी लाख सुटत असतील तर पहिल्याचा नवा फायदा फक्त पंचवीस हजारांचा. तेवढ्यासाठी उभं पीक मोडायचं, कर्ज नव्याने करायचं, नवं पीक शिकायचं, बाजार शोधायचा. शेजाऱ्याचा फायदा मात्र अख्खा सव्वा लाख, कारण त्याच्याकडे मोडायला काही नाहीच. पहिला शेतकरी थांबतो, पण तो मूर्ख नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये हाच मुद्दा गणिताने मांडला: ज्याची आधीच बाजारावर पकड आहे त्याला नव्या शोधातून मिळणारा निव्वळ लाभ कमी असतो, कारण तो आपल्याच जुन्या कमाईची जागा घेतो.

मात्र उदाहरण इथपर्यंतच चालतं. शेजाऱ्याने ड्रॅगन फ्रूट लावलं म्हणून उसाचा दर पडत नाही. क्वार्ट्झमुळे मात्र चावीच्या घड्याळाचा दर पडला. म्हणून कंपनीने नव्या धंद्याची तुलना आजच्या जुन्या कमाईशी करायची नसते, तर दुसऱ्या कुणी तो धंदा सुरू केल्यावर जी जुनी कमाई उरेल तिच्याशी करायची असते. सांगायला हे एक वाक्य आहे. कंपनीत ते पटवणं जिकिरीचं आहे, कारण आजची कमाई वहीत छापलेली असते आणि उद्या उरणारी कमाई हा कुणाचा तरी अंदाज असतो.

हिंजवडीत किंवा ऐरोलीत आयटीत असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. गिऱ्हाइकाला माणसं किती लावली आणि तास किती झाले यावर बिल लावायचं, हा त्या धंद्याचा मोठा भाग. तेच काम एआयने कमी तासांत झालं, तर कार्यक्षमता वाढली असं म्हणता येतं, पण जुन्या पद्धतीने लावलेलं बिल घटतं. कंपनी एआयविरोधात नसते, तिच्या करारांचा साचा मात्र असतो.

कौशल्य एका कंपनीत नसतं, ते गावभर पसरलेलं असतं

स्विस घड्याळं म्हणजे एखादा मोठा कारखाना नव्हता. ज्युरा पर्वताच्या आसपासच्या ला शो-द-फों, ल लोक्ल, ग्रेंखन अशा गावांत शेकडो छोटी-मोठी युनिटं होती. कुणी फक्त स्प्रिंग करायचं, कुणी तबकड्या, कुणी घर्षण कमी करणारे बारीक खडे, आणि कुणी हे सगळं विकत घेऊन जोडून आपलं नाव घालायचं. १९३० च्या दशकापासून १९७१ पर्यंत या रचनेला कायद्याचं संरक्षणही होतं. बाहेरच्यांनी येऊन घडी विस्कटू नये, हाच त्यामागचा उद्देश.

आता क्वार्ट्झ घड्याळ बनवायचं ठरलं तर स्प्रिंगवाल्याचं काय करायचं? चिप कुणाकडून आणायची? एखाद्या ब्रँडने मनावर घेतलं तरी त्याच्यामागची सगळी साखळी त्याच्याबरोबर वळत नाही. विकणाऱ्या दुकानाचीही गोम होती. घड्याळजी वर्षातून एकदा घड्याळ उघडून साफ करायचा, तेल द्यायचा, त्यावर त्याचं घर चालायचं. जे घड्याळ तेलपाण्यासाठी उघडावंच लागत नाही, ते तो काउंटरवर पुढे का सरकवेल?

सेइकोचं तसं नव्हतं. घड्याळाचे बहुतेक भाग ती स्वतः बनवायची, पुढे चिपही स्वतः बनवायला लागली. एका छताखाली निर्णय झाला की तो सगळ्या विभागांपर्यंत पोचायचा. लक्षात घ्या, सेइकोही काही काल जन्मलेली कंपनी नव्हती. किंतारो हात्तोरी यांनी तिची सुरुवात १८८१ मध्ये केली होती आणि ती उत्तम चावीची घड्याळं बनवत होती. म्हणजे ‘जुनी कंपनी बदलूच शकत नाही’ हेही खोटंच. सेइकोला मात्र जगाच्या बाजारात अजून वर चढायचं होतं. स्विस चावीच्या घड्याळाशी त्याच मैदानात लढत राहण्यापेक्षा मैदान बदलणं तिच्या फायद्याचं होतं.

‘पण मग दिसेल त्या नव्या गोष्टीवर उडी मारायची का?’

हा आक्षेप रास्त आहे. उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्याचा पुरावा घड्याळांतच मिळतो.

१९७२ मध्ये अमेरिकेच्या हॅमिल्टन कंपनीने ‘पल्सर’ नावाचं घड्याळ आणलं. त्यात काटे नव्हते. बटण दाबलं की लाल दिव्यांचे आकडे चमकायचे. किंमत २,१०० डॉलर. भविष्यकाळ मनगटावर आला, असं सगळ्यांना वाटलं. चिप बनवणाऱ्या कंपन्या या धंद्यात घुसल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७६ मध्ये असलं घड्याळ वीस डॉलरला विकलं, पुढच्या वर्षी दहाला. मग लोकांना कंटाळा आला. वेळ बघायला दुसऱ्या हाताने बटण दाबावं लागायचं, बॅटरी पटकन संपायची. काही वर्षांत लाल दिव्यांची घड्याळं नाहीशी झाली आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सही या धंद्यातून बाहेर पडली.

इंटेलने तर १९७२ मध्ये मायक्रोमा नावाची घड्याळाची कंपनीच विकत घेतली होती. १९७८ मध्ये ती विकून टाकावी लागली. इंटेलचे संस्थापक गॉर्डन मूर पुढे कित्येक वर्षं ते घड्याळ हातात घालायचे आणि त्याला आपलं दीड कोटी डॉलरचं घड्याळ म्हणायचे, इतका त्यात तोटा झाला होता. चिप बनवण्यात इंटेलला कोण शिकवणार? पण लोक मनगटावर वस्तू का घालतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

म्हणजे लाल दिव्यांच्या घड्याळाला नाक मुरडणारा स्विस मालक बरोबर होता. आणि तोच माणूस त्याच नाकाने काटेवाल्या क्वार्ट्झला नाक मुरडताना चुकला. १९७२ मध्ये दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसायच्या: महाग, इलेक्ट्रॉनिक, बॅटरी खाणाऱ्या. आज आपण मागे वळून एकीला ‘क्रांती’ आणि दुसरीला ‘फॅड’ म्हणतो, हे शहाणपण नंतरचं आहे. जुन्या कंपन्यांना हसणाऱ्यांनी बुडालेल्या नव्या कंपन्यांची यादीही शेजारी ठेवावी. ती पुष्कळ लांब आहे, फक्त त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

‘एचएमटी बुडाली, पण ती सरकारी होती’

आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, कोहिनूर. दहावी झाल्यावर मिळालेलं, लग्नात जावयाला घातलेलं, निवृत्तीला साहेबांच्या हस्ते मिळालेलं घड्याळ म्हणजे एचएमटी, असा तो काळ. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त होती. आणि इथेही तोच चकवा: क्वार्ट्झ घड्याळं एचएमटीने टायटनच्या आधी आणली होती, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. पण मुख्य धंदा चावीचाच राहिला. कारखाने, यंत्रं, कामगारांचं शिक्षण, सगळं त्यासाठीच उभारलेलं होतं आणि माल तर हातोहात जात होता.

टायटन १९८४ मध्ये स्थापन झाली आणि झर्क्सिस देसाई यांच्या नेतृत्वाखाली तिने होसूरच्या कारखान्यात क्वार्ट्झवरच सगळा भर दिला. १९८७ पासून घड्याळं दुकानांत दिसू लागली. तिने आणखी एक केलं. वेळ दाखवणारी वस्तू विकण्याऐवजी तिने घालून मिरवायची वस्तू विकली. चकचकीत शोरूम, अनेक डिझाइन्स, भेट म्हणून घड्याळ. क्वार्ट्झमुळे नेमकेपणा सगळ्यांकडे सारखाच आला, मग वेगळेपण दिसायचं ते रूपातच.

एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळं लावायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. सरकारी असण्याचा वाटा यात होताच. निर्णयाला लागणारा वेळ, कारखाना कुठे काढायचा यातलं राजकारण, तोटा भरून निघण्याची खात्री. पण तेवढंच कारण मानायचं तर खासगी स्विस कंपन्यांनी हीच चूक का केली, याचं उत्तर मिळत नाही. शिवाय टायटनही संपूर्ण खासगी नाही. ती टाटा आणि तमिळनाडू सरकारचं टिडको महामंडळ यांनी मिळून काढली आणि टिडकोचा त्यात आजही मोठा हिस्सा आहे. दोघींत मला मोठा दिसतो तो फरक दुसराच: टायटनकडे मोडायला उभं पीक नव्हतं.

‘कोडॅकने तर डिजिटल कॅमेरे विकले होते!’

हो, विकले होते. स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ मध्ये कोडॅकमध्येच पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. कोडॅकने पुढे डिजिटलवर पैसाही ओतला आणि २००५ मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती पहिली होती. तरी जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

कारण कोडॅकचा पैसा कॅमेऱ्यात नव्हताच, तो फिल्ममध्ये होता. लोक कॅमेरा एकदा घ्यायचे आणि फिल्मचे रोल आयुष्यभर. डिजिटल कॅमेरा विकून कोडॅक जिंकली, पण जिंकलेल्या धंद्यात नफा होता पातळ. मग मोबाइलने तो कॅमेराही गिळला. नवी वस्तू स्वीकारणं आणि नव्या वस्तूतून पोट भरणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त अवघड आहे.

मग स्वॉच कसं जमलं?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन सर्वांत मोठे स्विस गट बँकांच्या कृपेवर जगत होते. निकोलस हायेक या सल्लागाराच्या पुढाकाराने १९८३ मध्ये ते एकत्र केले गेले. त्याच वर्षी, १ मार्चला, स्वॉच हे स्वस्त, प्लास्टिकचं स्विस क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आलं.

स्वॉचचं मूळ घड्याळाची यंत्रं बनवणाऱ्या ईटीए कंपनीत. अर्न्स्ट थोमके हे तिचे प्रमुख, आणि एल्मार मॉक व जॅक म्युलर हे दोन तरुण इंजिनिअर. त्यांनी क्वार्ट्झ यंत्र वेगळं बनवून डबीत बसवण्याऐवजी प्लास्टिकच्या डबीलाच यंत्राचं तळपाट बनवलं. सुटे भाग उरले फक्त ५१. मागचं झाकण उघडता येत नाही, दुरुस्ती होत नाही. किंमत पन्नास फ्रँकांच्या आत. ज्या देशात घड्याळ आजोबांकडून नातवाकडे जायचं तिथे बिघडलं की टाकून द्यायचं घड्याळ बनलं. १९९२ पर्यंत अशी दहा कोटी घड्याळं बनली होती.

जुन्या घरातूनच हे कसं निघालं? एक, जुनं पीक तोवर जळालेलं होतं, मोडायचं दुःख उरलं नव्हतं. दोन, स्वॉचला ओमेगाचं नाव दिलं नाही. वेगळं नाव, वेगळी किंमत, विकण्याची वेगळी तऱ्हा, त्यामुळे दोन्ही एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर पडली नाहीत. तीन, आणि हे बऱ्याच व्याख्यानांत सुटतं: वर निर्णय घेणारी माणसं घड्याळजींच्या परंपरेतली नव्हती.

तरी स्वॉचने सगळं परत आणलं असं नाही. गेलेल्या नोकऱ्यांतल्या बऱ्याचशा गेल्याच. गंमत म्हणजे याच सुमारास याच्या अगदी उलट खेळीही चालून गेली. जाँ-क्लोद बिव्हेर यांनी एका जोडीदारासह ब्लांकपेन हे झोपलेलं नाव वीसेक हजार फ्रँकांत विकत घेतलं आणि आम्ही क्वार्ट्झ कधी बनवलं नाही, बनवणारही नाही, अशी अभिमानाने जाहिरात केली. चावीचं घड्याळ दागिना झालं. आज स्विस घड्याळांच्या निर्यातीत किमतीच्या हिशेबाने मोठा वाटा या चावीच्या घड्याळांचाच आहे. ‘बदला नाहीतर संपाल’ म्हणणाऱ्या काकांना हे जरूर पाठवा. मात्र दागिन्याचा धंदा थोड्यांचं पोट भरतो, ९० हजारांचं नाही.

आकुर्डी आणि ॲक्टिव्हा

आता आपल्या रस्त्यावर या. विजेच्या स्कूटरची लाट आली तेव्हा बहुतेकांनी भाकीत केलं की बजाज, टीव्हीएस, हिरो यांना नव्या कंपन्या संपवणार. एथर २०१८ मध्ये आली, ओलाची स्कूटर २०२१ च्या अखेरीस लोकांच्या हातात पडू लागली आणि ओला काही काळ सगळ्यांच्या पुढेही होती. मग २०२५ मध्ये टीव्हीएस आणि बजाज यांनी ओलाला मागे टाकलं. गाडी बंद पडली की दुरुस्त कुठे करायची, या प्रश्नाला जुन्यांकडे शहराशहरांत उत्तर होतं.

बजाजकडे जरा नीट पाहा. या कंपनीची ओळखच चेतक स्कूटर. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. मग मोटारसायकलींचा जमाना आला, बजाज तिकडे वळली, आणि २००९ मध्ये तिने स्कूटर बनवणं थांबवण्याचाच निर्णय घेतला. तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, आणि गिअर नसलेल्या स्कूटरच्या बाजाराचा सर्वांत मोठा वाटा होंडाच्या ॲक्टिव्हाने नेला. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये आकुर्डीच्या बजाजने विजेवरची चेतक लोकांसमोर आणली, तेव्हा तिच्याकडे विकली जाणारी एकही पेट्रोल स्कूटर नव्हती. स्कूटरच्या रानात ती माळवाल्या शेजाऱ्यासारखी उतरली. मला तर तिची तेव्हाची माघार इथे उपयोगी पडल्यासारखी वाटते, भले ती कुणी मुद्दाम आखलेली नसो.

होंडाची स्थिती बरोबर उलटी. ॲक्टिव्हा ही देशातली सर्वांत खपणारी स्कूटर, आणि तिचा विजेचा अवतार लोकांसमोर आला थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये. तोही घरी चार्ज न करता केंद्रावर जाऊन बॅटरी बदलून घ्यायची, अशा रचनेचा. टीव्हीएस या चित्रात नीट बसत नाही. तिची ज्युपिटर पेट्रोलवर चांगली खपत असूनही तिने जानेवारी २०२० मध्येच आयक्यूब आणली. ज्युपिटर ॲक्टिव्हाच्या मागे होती, म्हणून तिला गमवायला कमी होतं असं म्हणता येईल. पण कुणीतरी तिथे बसून तोटा सोसायचं ठरवलं असणार, हे श्रेय हिशेबाला देऊन चालणार नाही.

ही स्पर्धा पुढे कुठे जाईल याचा अंदाज घ्यायचा असेल तर कंपन्यांच्या घोषणांपेक्षा विक्रेत्याच्या वर्कशॉपकडे बघावं. विजेच्या स्कूटरला ऑइल बदलावं लागत नाही, स्पार्क प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, म्हणजे सर्व्हिसिंगचं जुनं उत्पन्न आटतं. ज्युरातल्या घड्याळजीची जी अडचण होती तीच ही. पेट्रोल आणि वीज दोन्ही गाड्या ज्या शोरूममध्ये उभ्या आहेत तिथे जा, नुसतं ‘स्कूटर बघायचीय’ म्हणा, आणि विक्रेता तुम्हाला आधी कुठल्या गाडीपाशी नेतो ते पाहा.